बेचाळिसावी ओळ

“एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस? मधली बेचाळीस कुठे गेली?” सिस्टरने चष्मा कपाळावर चढवत विचारलं आणि मी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. प्रश्न साधाच होता. सकाळचे दहा वाजले होते, नव्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत रंगाचा वास अजून गेला नव्हता आणि टेबलाभोवती आम्ही तिघंच होतो. एक सिस्टर. वृद्धाश्रम गेली अठरा वर्षं एकहाती चालवणारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज असा की औषध न घेणाऱ्याने मुकाट्याने तोंड उघडावं. दुसरे, हलवाहलवीची कामं घेणाऱ्या आमच्या ऑफिसचे बॉस. मालकांचा मुलगा म्हणून ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे चिरंजीव म्हणतात, मीही म्हणते, आणि ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत हे मला रोज एकदा तरी आठवतं. आणि तिसरी मी, जिने या सगळ्याचा आराखडा बनवला होता. जुन्या इमारतीतल्या एकतीस म्हाताऱ्या माणसांना आज या नव्या इमारतीत आणायचं होतं. दोन गल्ल्यांचं अंतर. बारा वाजता पहिली गाडी. शहाऐंशी ओळींचा तक्ता, प्रत्येक ओळीत एक काम, पुढे वेळ, पुढे करणाऱ्याचं नाव, शेवटी झालं की नाही त्याचा रकाना. सिस्टर ओळीवर बोट ठेवून ठेवून तो वाचत होती. असं कुणी वाचत नाही हो. लोक पहिलं पान बघतात, शेवटची तारीख बघतात आणि “छान झालंय” म्हणतात. “टायपिंगची चूक असेल,” चिरंजीव मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. मी म्हटलं, “चूक नाही. ती ओळ इथे लागू नव्हती, म्हणून काढली.” इतक्या सहज म्हटलं, की माझं मलाच खरं वाटलं. सिस्टरने मान डोलावली आणि बोट त्रेचाळीसवर नेलं.

खरं म्हणजे बेचाळीसमध्ये काय होतं हे मला आठवत नव्हतं. ओळ मीच काढली होती एवढं नक्की, कारण दुसरं कुणी त्या फाइलला हात लावत नाही. पण काय होती ती ओळ? चाळीस, गाद्या आदल्या दिवशी टाकून ठेवणे. एक्केचाळीस, प्रत्येकाची औषधाची पेटी त्याच्याच गाडीत, त्याच्याच मांडीवर. त्रेचाळीस, बाथरूमच्या दाराच्या कड्या बाहेरून उघडतात का ते पाहणे. मधे काहीतरी होतं, पलंगाच्या आणि बाथरूमच्या मधे. हा तक्ता मूळचा मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमच्या ऑफिसातले पहिले नियोजक, शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण बोलायचे तसेच, म्हणून मास्तर. हॉस्पिटलचा एक अख्खा वॉर्ड हलवताना त्यांनी तो बनवला आणि पुढे तोच साचा झाला. दुकान हलवा, लायब्ररी हलवा, प्रयोगशाळा हलवा, मास्तरांची शहाऐंशी ओळींची फाइल उघडायची, आपल्याला हवं तसं बदलायचं. बदलायचा नियमही त्यांचाच. ओळ पुसायची नाही. नको असेल तर शेवटच्या रकान्यात “लागू नाही” लिहायचं आणि पुढे कारण लिहायचं. “कारण लिहिताना माणूस लाजतो,” मास्तर म्हणायचे, “आणि लाजला की दोनदा विचार करतो.” आकडेसुद्धा ते हाताने टाकायचे, आपोआप येऊ द्यायचे नाहीत, म्हणजे कुणी ओळ गाळली तर भोक दिसावं. भोक दिसलं होतं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही नाही, किल्ल्यांचा जुडगा लावलेल्या एका बाईला दिसलं.

आणि मी काय केलं ते कुठलाही नियोजक ओळखेल, कारण सगळे हेच करतात. नवीन काम आलं की मूळ कोरी फाइल कुणी उघडत नाही. ती जुनाट दिसते, तिचे रंग भडक, अक्षर बारीक. आपण मागच्या कामाची फाइल उघडतो, कारण ती आपण नीटनेटकी केलेली असते, तिच्यावर हात बसलेला असतो. तिच्यावर नवं नाव टाकायचं, नव्या तारखा टाकायच्या. मग मागच्या कामात जे गाळलं ते पुढच्या कामात आपोआप गळतं, आणि पुढच्याच्या पुढच्यातही. नवऱ्याला मी एकदा हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही जुन्या शर्टाला नवीन बटणं लावता.” मी चिडले होते, कारण बरोबर होतं ते. पाच कामं झाली त्या एका फाइलवर. दोन ऑफिसं, एक पुस्तकांचं गोदाम, एक प्रयोगशाळा, एक छापखाना. कुठेही कुणी झोपत नव्हतं. पलंगाच्या ओळींची गरजच पडली नव्हती. आता वृद्धाश्रमासाठी मी त्या ओळी आठवून आठवून परत भरल्या होत्या, गाद्या, औषधं, कड्या, आणि स्वतःवर खूश झाले होते, की बघा, मास्तरांची फाइल न उघडता सगळं डोक्यात आहे. मास्तरांना फोन करावा असं मनात आलं. पण त्यांना आता नीट ऐकू येत नाही, त्यांची सून फोन घेऊन त्यांना मोठमोठ्याने सांगते, आणि बेचाळीस म्हणजे काय हो असं मोठमोठ्याने विचारण्याची माझी तयारी नव्हती. मूळ फाइल ऑफिसातल्या मशीनवर, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. मीटिंग संपली. “आत्तापर्यंतचं सगळं हिरवं आहे ना?” चिरंजीवांनी विचारलं. झालेल्या कामाचा रकाना हिरवा होतो, त्यांना तेवढंच कळतं. “सगळं हिरवं,” मी म्हटलं.

जुन्या इमारतीकडे चालत गेले. दोन गल्ल्या, एक न्हाव्याचं दुकान, एक बंद पेट्रोल पंप. चालताना मी मनात पलंगापासून बाथरूमपर्यंत जात होते. गादी झाली. पेटी झाली. पाण्याचा तांब्या? तो पन्नासच्या पुढे कुठेतरी. दिव्याचं बटण? तेही आहे. मग मधे काय? जुन्या इमारतीत सगळ्या खोल्या एका रांगेत आहेत, एकीसारखी दुसरी, भिंत डावीकडे, लोखंडी कपाट उजवीकडे, उशाशी खिडकी. सामान बांधून झालं होतं. व्हरांड्यात एकतीस पेट्या, प्रत्येकीवर मी छापून दिलेलं लेबल, नाव आणि नव्या खोलीचा नंबर. नंबर आडनावाच्या अक्षरानुसार दिले होते, तेही साच्यातच होतं, भांडण होत नाही. तिसऱ्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक आजी आडव्या पडल्या होत्या, पूर्वी पोस्टात कामाला होत्या म्हणून सगळे त्यांना पोस्टबाई म्हणतात. मला बघून म्हणाल्या, “आली वाटतं गाडी,” आणि उठल्या. उठताना त्यांनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता उजवा हात बाहेर टाकला, हात कपाटाच्या कडेवर जाऊन बसला, कड त्या जागी रंग उडून गुळगुळीत झाली होती, आणि त्या हातावर भार देऊन सगळी पोस्टबाई उभी राहिली. “अजून तासभर आहे,” मी म्हटलं. “मग कशाला उठवलंस गं?” त्या म्हणाल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

प्रत्येक व्यक्ती पलंगावरून कोणत्या बाजूने उठते आणि उठताना हात कशाला टेकते, हे स्वतः विचारून लिहिणे. बेचाळीस. ‘स्वतः’ या शब्दाखाली मास्तरांनी रेघ मारलेली. ही ओळ त्यांच्या पहिल्या यादीत नव्हती. तो वॉर्ड हलवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक पेशंट उठायला गेला, हात जुन्या जागी टाकला आणि पडला, त्यानंतर त्यांनी ती घातली. मला हे त्यांनी सांगितलं होतं. मी तेव्हा मान डोलावली होती, जशी मघाशी सिस्टरने डोलावली. आणि ती ओळ मी कुठे काढली तेही आता आठवलं. म्हणजे आठवलं असं नाही, ते तिथेच होतं, फक्त मी त्या खोलीत जात नव्हते. बाबांना आमच्या घरी आणलं तेव्हाची गोष्ट. आई गेल्यावर दोन वर्षं ते एकटे राहिले, मग गॅस चालू राहिला, मग दोनदा दाराची किल्ली हरवली, मग दादाने दुसऱ्या शहरातून फोनवर ठरवलं की बाबांनी माझ्याकडे यायचं. दादा ठरवतो छान. करायचं मी. मी त्यांचं घर हलवायला मास्तरांचीच फाइल घेतली, हसू नका, मला दुसरं काही येत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एका माणसाचा तक्ता केला. रुग्णवाहिका, लिफ्ट, जिन्यावरची माणसं, सगळं पुसत गेले. कारणबिरण लिहिलं नाही, घरचंच काम, कोण विचारणार. बेचाळीसपाशी आले. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. आठवडाभर आम्ही धड बोलत नव्हतो. त्यांना यायचं नव्हतं. काहीही विचारलं की ते एकच उत्तर द्यायचे, “मी इथेच बरा आहे.” मी उठून त्यांच्या दारापर्यंत गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही कुठल्या बाजूने उठता, असं मी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, या बाजूने आणि याच घरात, आणि मग सगळं भांडण पहिल्यापासून. मी परत आले आणि ओळ पुसली. माझेच बाबा. मला माहीत नसेल का, असंही म्हटलं असेन मनात. पुढची पाच कामं झाली ती याच फाइलवर.

आमच्याकडे आल्यावर नवव्या दिवशी दुपारी झोपून उठताना ते पडले. मी दिवाणखान्यात होते, आवाज ऐकला, मोठा नव्हता, गव्हाचं पोतं टेकवावं तसा. खुब्याचं हाड. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, चक्कर आल्याने. या वयात येते. रक्तदाबाची गोळी बदलली. दादा आला, चार दिवस राहिला आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “तू होतीस म्हणून बरं.” ते वाक्य मी तीन वर्षं सांभाळून ठेवलंय. बाबा आता चार पायांच्या वॉकरने चालतात. खोलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत बावीस पावलं, मी मोजली नाहीत, तेच मोजतात मोठ्याने. चक्कर, चक्कर, असंच आम्ही सगळे म्हणतो. शेजारच्यांना, नणंदेला, सगळ्यांना. चक्कर आली तर कुणाचा काही दोष नसतो.

पावणेअकरा. पोस्टबाईंच्या दारातून निघून मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. नव्या इमारतीत मधून पॅसेज आहे, खोल्या दोन्ही बाजूंना. एका बाजूच्या खोल्या इथल्यासारख्याच आणि समोरच्या बरोबर उलट्या, भिंत उजवीकडे. कपाटं तर सगळीकडे पायाशी, भिंतीतच बसवलेली, सुंदर, मीच कौतुक केलं होतं. म्हणजे आज संध्याकाळी एकतीस माणसं पलंगावरून उठतील, एकतीस हात बाहेर पडतील आणि तिथे काही नसेल. निम्म्यांच्या बाबतीत तर बाजूच चुकलेली. मी त्रेचाळीसच्या वर एक ओळ घातली. बेचाळीस. मजकूर टाइप केला, शब्द आठवले जसेच्या तसे. मग शेवटच्या रकान्यापाशी थांबले. तिथे “झाले” निवडलं तर रकाना हिरवा होतो. तो कुणाला काही विचारत नाही. मी निवडून पाहिलं. झाला हिरवा. सिस्टरला नवा कागद छापून देता आला असता, घ्या तुमची बेचाळीस, आणि मग उद्या परवा गुपचूप येऊन एकेका पलंगाला दांडा लावून घेतला असता. एक-दोन दिवसांचाच तर प्रश्न. बाबा नवव्या दिवशी पडले. सगळेच काही पडत नाहीत. हे सगळं मी खरोखर विचार करून पाहिलं, पायरीवर बसून, आणि खाली व्हरांड्यात कुणीतरी म्हातारे गृहस्थ माझ्या लेबलवरचं स्वतःचं नाव मोठ्याने वाचत होते. रकाना परत कोरा केला.

सिस्टर आणि चिरंजीव आता इथल्या फाटकाशी उभे होते. मी म्हटलं, “गाड्या थांबवायला हव्यात. बेचाळीस लागू आहे. मी ती चुकून नाही, मुद्दाम काढली होती, दुसऱ्या एका कामात, आणि परत घालायला विसरले.” काय आहे ते सांगितलं. प्रत्येकाला विचारावं लागेल, प्रत्यक्ष उठवून बघावं लागेल, त्याप्रमाणे खोल्या पुन्हा वाटायला हव्यात, हाताशी काहीतरी आधार लावून घ्यायला हवा. आज होणार नाही. चिरंजीव बोलले. “अहो, पाच वाजता इथली वीज तोडणार आहेत. पाणी काल बंद केलंय. सहा गाड्या, चौदा माणसं, संस्थेचे अध्यक्ष चार वाजता फीत कापायला येतायत. आणि तुम्ही मला सांगताय की आजोबा कुठल्या कुशीवरून उठतात ते आपण विचारलं नाही?” ऐकताना ते हास्यास्पदच वाटत होतं, मलाही. “कोण पडतं हो असं? आठ दिवसांत सवय होते माणसाला. मास्तरांच्या काळातलं आहे हे सगळं.” मी म्हटलं, “नाही होत सवय.” ते म्हणाले, “कशावरून? मला अध्यक्षांना फोन करायचाय. एक उदाहरण द्या. एक. ऐकीव नको, कुणाच्या काळातलं नको. आपल्या माहितीतलं, अमुक माणूस याच कारणाने पडला. तेवढं द्या, मी थांबवतो गाड्या. नाहीतर बारा म्हणजे बारा.” चिरंजीवांना मी इतकी वर्षं नावं ठेवली, पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता. सिस्टर माझ्याकडे पाहत होती. तिचं बोट कागदावर नव्हतं आता. मी म्हटलं, “पाच मिनिटं द्या.”

बंद पंपाच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिले. उदाहरण होतं की नव्हतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. कागदावर चक्कर होती. मी चक्कर धरून बसले होते आणि ती खरीही असेल, एक्क्याऐंशीव्या वर्षी चक्कर काय कुणाला येत नाही? आणि खरी निघाली तर? तर मी निर्दोष, आणि बारा म्हणजे बारा. मला नेमकं काय हवं होतं हे त्या पत्र्याखाली मला सांगता आलं नसतं. फोन बराच वेळ वाजला. वॉकर ओढत फोनपर्यंत यायला त्यांना वेळ लागतो.

“काय गं? आत्ता मधेच?”

“बाबा, एक विचारायचं होतं. पडलात तेव्हा… चक्कर आली होती का तुम्हाला?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, ते बसले. “आता कुठे आठवलं तुला हे?”

“सांगा ना. कामासाठी हवंय.”

“कामासाठी,” ते म्हणाले. “चक्करबिक्कर काही नाही. उठलो. हात टेकायला गेलो. काही नव्हतंच तिथे.”

“काय असायला हवं होतं?”

“तुझ्या आईचं कपाट.”

एक ट्रक गेला. मी दुसरा कान दाबून धरला. माझा आवाज चढला, का ते कळलं नाही, मी जवळजवळ भांडलेच. “मग डॉक्टरांना चक्कर आली असं कशाला सांगितलंत? मी तिथेच होते ना. स्वतःच्या कानांनी ऐकलंय मी. चक्कर आली, दोनदा म्हणालात तुम्ही. तीन वर्षं त्या गोळ्या घेताय!”

“अगं, तू समोर उभी होतीस ना,” बाबा म्हणाले. “तुझा चेहरा बघवेना मला.”

मग तेच म्हणाले, “झालं का तुझं काम?” मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला, आणि ठेवताना पलीकडे पावलं मोजायला सुरुवात केलेली ऐकू आली.

मी फाटकाशी परत आले. पहिली गाडी आलेली होती, ड्रायव्हर मागचं दार उघडत होता आणि पोस्टबाई पर्स पोटाशी धरून पहिल्या नंबरला उभ्या होत्या. चिरंजीवांनी मोबाइलवरची वेळ माझ्यापुढे धरली.

“उदाहरण आहे,” मी म्हटलं. “वय एक्क्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं. विचारायचं काम माझं होतं आणि मी विचारलं नाही. माझे वडील आहेत. अध्यक्षांना नाव सांगा, हवं तर नंबर देते, त्यांच्याशीच बोलू देत.”

चिरंजीवांनी मोबाइल खिशात टाकला. सिस्टर ड्रायव्हरकडे गेली आणि तिने गाडीचं दार लावून टाकलं.